नायलॉन की कार्बन

रिमोटवर धावणाऱ्या गाडीचं किट घ्यायचं, सुटे भाग टेबलावर पसरायचे आणि आपल्या हातांनी गाडी उभी करायची, असा शौक असलेली माणसं जगात बरीच आहेत. त्यांच्यातल्या जुन्या मंडळींना ताईचे हात ओळखीचे होते. चेहरा कुणी पाहिला नव्हता. तिच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रत्येक किटबरोबर एक पुस्तिका जायची, तिच्यात कुठला स्क्रू कुठे बसतो याचे पानोपानी फोटो असायचे आणि प्रत्येक फोटोत ताईचे हात असायचे. आखूड नखं, रुंद बोटं, डाव्या अंगठ्यावर एक जुना पांढरा व्रण. एकाने तर लिहून कळवलं होतं की माझी आई कशी स्वयंपाक करायची ते मी विसरलो, पण तुमचा अंगठा डोळे मिटूनही काढून दाखवीन.

कारखाना म्हणजे घराखालच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर आणि पॅकिंग, मागच्या खोलीत मशीन. ताई गाडी आखायची, पहिला नमुना स्वतः जोडायची. तिचा धाकटा भाऊ ती विकायचा, चालवून दाखवायचा, गिऱ्हाइकांशी बोलायचा. बोलण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ताईचा नवरा फोटो काढायचा. पूर्वी तो शाळाशाळांतून वर्गांचे फोटो काढत हिंडायचा. पन्नास पोरांना एका वेळी गप्प बसवण्यापेक्षा स्क्रूचे फोटो काढणं बरं, स्क्रू निदान नाकात बोट घालत नाहीत, असं तो म्हणायचा.

नवी गाडी यायला मधे बरीच वर्षं गेली होती. लोक विचारून विचारून थकले होते. म्हणून ताईने मातीत पळणाऱ्या नव्या गाडीचा पहिला नमुना टेबलावर ठेवला तेव्हा धाकट्याने आधी हात धुतले, पुसले आणि मग ती उचलली. उलटी करून, सगळे भाग जिच्यावर बसतात ती चासी पाहिली. त्याचा चेहरा जरा उतरला.

"ताई, हे स्क्रू गाडीचे आहेत की पलंगाचे?"

"मोठ्या स्क्रूचं डोकं झिजत नाही."

"आणि चासी नायलॉनची? अगं, आजकाल खेळण्यांच्या दुकानातल्या गाडीलासुद्धा नावापुरती का होईना, कार्बन फायबरची पट्टी असते. फोटोत ही दिसणार कशी? काळं प्लॅस्टिक. साबणाची डबी दिसेल."

"कार्बन ताठ असतो," ताई म्हणाली. "ट्रॅकवर बारीक खड्डा आला तरी गाडी उडते. बोट जरा इकडे तिकडे झालं की गाडी लगेच वळते. नायलॉन थोडं वाकतं, सगळं पोटात घालतं. कार्बन काही पोटात घालत नाही."

"चांगला चालवणारा चुकतच नाही."

"मग वाईट चालवणाऱ्यांनी काय करायचं? आपली अर्धी गिऱ्हाइकं तीच आहेत."

धाकटा हसला. असं त्यांचं पहिल्यापासून चालत आलं होतं. दोघं भांडायचे, जेवताना एकमेकांकडे न बघता वाटी पुढे सरकवायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा भांडायचे, आणि शेवटी जो भाग तयार व्हायचा तो दोघांच्याही मूळ कल्पनेपेक्षा चांगला असायचा. ताईचा नवरा या भांडणांत कधी पडत नसे. भांडण सुरू झालं की तो लेन्स पुसायला घ्यायचा.

या वेळी ठरलं ते असं, की आधी थोडे फोटो काढायचे आणि एकेक करून इंटरनेटवर लोकांपुढे सोडायचे. आज चाक धरणारा पुढचा आर्म, चार दिवसांनी चाकांना गती वाटून देणारा डिफ. लोक काय म्हणतात ते बघू, मग चासीचं बघू.

फोटो सकाळी काढायचे, कारण मागच्या खोलीतल्या खिडकीतून तेव्हा चांगलं ऊन येतं. ताई पांढऱ्या कागदावर सुटे भाग मांडून बसली. नवऱ्याने कॅमेरा तिकाटण्यावर बसवला. तिने आर्म हातात धरला, स्क्रू लावला, पाना फिरवला. त्याने फोटो काढला आणि पडद्यावर मोठा करून पाहिला. धूसर होता. त्याने पंखा बंद केला. पुन्हा धूसर. तिकाटण्याचे पाय घट्ट केले, टेबलाखाली पुठ्ठा सरकवला. पुन्हा तेच. मग त्याने फोटो आणखी मोठा केला. आर्मवरची बारीक अक्षरं वाचता येत होती. टेबलावर पडलेल्या स्क्रूचा आटा अन् आटा मोजता आला असता. फक्त तिच्या उजव्या हाताच्या बोटांना दोन दोन कडा होत्या.

गेल्या काही महिन्यांत ती चहाचा कप अर्धाच भरून घेत होती. बंदाच्या चपला टाकून तिने पाय नुसता सरकवायच्या चपला आणल्या होत्या. हे सगळं त्याने पाहिलं होतं, आणि पाहून सोडून दिलं होतं.

"फ्लॅश लावून बघतो," तो म्हणाला.

ताईने पाना खाली ठेवला. "फ्लॅश कशाला? तुम्हाला तर फ्लॅशचा राग येतो. धातू तेलकट दिसतो म्हणता."

"आज ऊन जरा कमी आहे."

टेबलभर ऊन पडलं होतं. ताईने खिडकीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"बरं," ती म्हणाली. "लावा फ्लॅश."

फ्लॅशच्या क्षणभराच्या उजेडात हलता हातही थांबलेला दिसतो; फोटो स्वच्छ आले. सगळे काढून झाल्यावर कागद गोळा करता करता ती म्हणाली, "मला उन्हाळ्यापासून माहीत आहे. मला वाटलं थकवा असेल."

डॉक्टरांनी तिला कोऱ्या कागदावर आतून बाहेर गोल गोल जाणारी रेघ काढायला सांगितली. ताई कंपास न घेता वर्तुळ काढायची आणि धाकटा ते मापून बघून शिव्या घालायचा, अशी तिची ख्याती. डॉक्टरांच्या टेबलावर तिने काढलेली रेघ करवतीच्या पात्यासारखी आली. डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली आणि मग पेन बाजूला ठेवून सांगितलं की हा कंपवात आहे. पूर्ण बरा होत नाही. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, प्रत्येकाचं वेगळं असतं.

"मला स्क्रू कधीपर्यंत लावता येतील?" ताईने विचारलं.

डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले, "बारीक कामं हळूहळू कमी करत चला."

"माझं सगळंच काम बारीक आहे."

यावर डॉक्टरांनी गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

घरी येताना ती म्हणाली, "धाकट्याला आत्ता काही सांगायचं नाही. गाडी बाहेर पडू दे." थोडं पुढे गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या डोक्यात एक गोष्ट आली आणि विचारू की नको असं करत त्याने शेवटी विचारली.

"ते मोठे स्क्रू. आणि नायलॉन. ते तू…"

ती चालायची थांबली. रस्त्यावर एक जण दुकानाची काच पुसत होता, त्याच्याकडे बघत उभी राहिली.

"आखताना मला वाटत होतं की लोकांसाठी करतेय," ती म्हणाली. "खरंच वाटत होतं. आता मलाच कळत नाही हो. मी गाडी चांगली केली की माझ्या हाताला जमेल अशी केली, ते मला ओळखता येत नाही."

तिची पिशवी त्याने आपल्याकडे घेतली, एवढंच.

फोटो लोकांपुढे गेले आणि लोकांनी धुऊन काढलं. हे स्क्रू ट्रॅक्टरला लावा, असं एकाने लिहिलं. दुसऱ्याने विचारलं की किटबरोबर पाना येणार की पहार. नायलॉनच्या चासीवर तर नुसता पाऊस पडला. इतकी वर्षं वाट बघायला लावून शेवटी प्लॅस्टिकचं तबक हातात दिलं, यांचे दिवस संपले, वगैरे. चार जणांनी चांगलंही लिहिलं होतं, त्यात एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी ताईची झाडून सगळी किटं जोडली होती. मातीवर नायलॉनच बरं, चालवल्याशिवाय बोलू नका, असं त्यांनी समजुतीने लिहिलं. त्यांना कुणी दाद दिली नाही.

धाकटा ते सगळं वाचून तावातावाने वर आला.

"कार्बन घ्यायचा, ताई. बारीक स्क्रू घ्यायचे. ॲल्युमिनियमचे भाग जांभळ्या रंगाचे करायचे. फोटो नव्याने काढायचे."

"नाही."

"का नाही ते सांग. वजन सांग, आकडा सांग. नेहमी सांगतेस तसं सांग ना."

ताईने हात मांडीखाली दाबून धरले होते. "मला नको वाटतं," ती म्हणाली.

"नको वाटतं? हे काय उत्तर झालं? तू घाबरायला लागलीस, ताई. वय झालं तुझं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. धाकटा खाली उतरला तो पायऱ्या आपटत. त्याच्या मागोमाग तिचा नवरा उतरला आणि पॅकिंगच्या खोलीत, रिकाम्या खोक्यांच्या ढिगाजवळ, त्याने बायकोला दिलेला शब्द मोडला. त्याला वाटलं, एकदा कळलं की धाकटा हट्ट सोडेल आणि सगळं सुरळीत होईल.

धाकटा खोक्यावर बसला. बराच वेळ त्याने तोंडावर हात धरून ठेवला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "मी तिला वय झालं म्हणालो."

"तुला माहीत नव्हतं."

"पण भावोजी," तो जरा थांबून म्हणाला, "किट घेणाऱ्यांचे हात चांगले आहेत ना. तिच्या हातासाठी आपण गाडी काढू, पण ती घेणार कोण?"

हे खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा ताईसमोर येऊन बसला आणि मऊपणे म्हणाला, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. नायलॉनच ठेवू. मोठे स्क्रूच ठेवू. लोकांना काय, सवय होईल." तिच्या हातातला कप त्याने घेतला आणि स्वतः नेऊन धुतला. आयुष्यात त्याने कप धुतला नव्हता.

ताई नवऱ्याला म्हणाली, "सांगितलंत ना त्याला?"

तो लेन्स पुसायला लागला.

"तो माझ्याशी भांडला नाही," ती म्हणाली. रागावली नव्हती. तिचा आवाज इतका सपाट होता की तिने दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं. "लहानपणी मी पायऱ्यांवरून पडले, माझं डोकं फुटलं होतं, तेव्हासुद्धा तो पट्टी कशी बांधायची यावरून भांडला होता."

त्याच आठवड्यात तिने चासी पुन्हा आखली. कार्बन घेतला. बारीक स्क्रू घेतले. डिफ आणखी लहान केला, आर्म सडपातळ केले, जिथे जिथे जांभळं ॲल्युमिनियम शोभून दिसेल तिथे ते दिलं. धाकटा म्हणाला, अगं नको, राहू दे. ती म्हणाली, तूच म्हणत होतास ना, मग आता घे. चासी कापून आली तेव्हा ती खरोखर देखणी होती. काळ्या विणीवर ऊन पडलं की पाण्यासारखी चमक फिरायची. नायलॉनचा नमुना फडताळात मागे गेला, आणि पुढे कधीतरी जागा करताना पॅकिंगवाल्या बाईने तो भंगारात टाकला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

पुस्तिकेचे फोटो काढायला तिघं बसले. ताईने सकाळची गोळी घेतली होती. पहिली काही पानं निभावली. मग डिफ आला. त्यात तांदळाच्या दाण्याएवढी पिन असते. ती तिच्या चिमटीतून निसटली. धाकट्याने वाकून शोधून दिली. पुन्हा निसटली. तिसऱ्या वेळी तो गुडघ्यांवर टेबलाखाली शिरला आणि तिथून बाहेर यायलाच त्याला उशीर लागला. पिन मिळाली नव्हती म्हणून नाही. बाहेर येऊन ताईकडे कसं बघायचं ते त्याला कळत नव्हतं.

"ये बाहेर," ताई म्हणाली. "इथे बस. तूच जोड."

ती बाजूच्या खुर्चीवर गेली. धाकट्याने जोडायला घेतलं आणि ती सांगत गेली. आधी ग्रीस. एवढं नाही, पिनेच्या टोकाएवढं. आता अर्धा आटा उलटा फिरव, म्हणजे जुन्या खाचेत बसेल. बास, बास, आता पिळू नकोस. त्याने पिळलं. आर्ममधला आटा गेल्याचा बारीक आवाज आला आणि तिने डोळे मिटले. फोटो मात्र छान आले. धाकट्याची बोटं लांब आहेत, नखं नीट कापलेली. नवऱ्याने लेन्समधून त्याचे हात बघितले आणि फ्लॅश बंद केला. आता त्याची गरज नव्हती.

नवे फोटो गेले आणि वारं फिरलं. हीच ती गाडी, असं लोक लिहायला लागले. आगाऊ नोंदणी सुरू झाली. धाकटा घरी येऊन आकडे सांगायचा, ताई मान डोलवायची. पुस्तिकेतली नमुन्याची पानंही त्यांनी लोकांपुढे ठेवली होती. हात बदललेत हे कुणाच्याही ध्यानात आलं नाही. ताईने सगळा अभिप्राय खालपर्यंत वाचला. नवऱ्याने विचारलं काय शोधतेस, तर म्हणाली, काही नाही.

धावत्या गाडीचे फोटो काढायचे म्हणून एका सकाळी गावाबाहेरचा मातीचा ट्रॅक घेतला. निवडक जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं. बरीच मंडळी जमली, मास्तरही आले होते. टोपी, पाठीवर गाड्यांची पेटी, आणि ताईशी ओळख करून घेताना त्यांनी आधी तिच्या डाव्या अंगठ्याकडे बघितलं आणि लाजून हसले. "माफ करा हं," ते म्हणाले, "पण मी तुम्हाला इथूनच ओळखतो."

धाकट्याने गाडी चालवली. कार्बनची ती हलकी गाडी वळणावर बोट ठेवल्यासारखी फिरायची. उंचवट्यावरून उडाली की सरळ रेषेत खाली यायची. लोक खूश झाले. ताईचा नवरा पोटावर झोपून फोटो काढत होता. ताई कठड्यापाशी उभी होती आणि खूप दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं दिसत होतं. गाडी तिने आखली होती आणि गाडी पळत होती.

मास्तरांनाच ते सुचलं. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "एक फेरी ताईंच्या हातून झाली पाहिजे," ते म्हणाले. बाकीच्यांनी उचलून धरलं. धाकटा म्हणाला, ताई चालवत नाही फारशी. लोक म्हणाले, छे, असं कसं. कुणीतरी रिमोट त्याच्या हातातून काढून तिच्याकडे दिलासुद्धा. ती नाही म्हणू शकली असती. गोळी घेऊन फार वेळ झाला नव्हता, हात बरा वाटत होता. तिने रिमोट घेतला.

पहिलं वळण नीट गेलं. लांब सरळ रस्ता आला तशी गाडी हलायला लागली. आधी थोडी, मग जोरात. पुढची चाकं सारखी डावीकडे उजवीकडे झटके घेत होती. मासा पाण्याबाहेर पडल्यावर करतो तशी गाडी त्या सरळ रस्त्यावर तडफडत पुढे गेली. बोटातला प्रत्येक झटका तारेवाचून चाकापर्यंत पोचत होता आणि सगळ्यांना दिसत होता. दोघा-तिघांनी फोन वर धरले होते. कुणी हसलं. कुणी म्हणालं, "अरे, हे काय होतंय?"

ताईने रिमोट सोडला नाही. थांबवावं हेही तिला सुचलं नाही. ती गाडीकडे बघत राहिली. आपल्याला काय झालंय हे एवढ्या लांबून, एवढं मोठं, तिने पहिल्यांदाच पाहिलं.

"स्टिअरिंग!" धाकटा मोठ्याने म्हणाला. तो पळत पुढे गेला, गाडी उचलली आणि सगळ्यांकडे वळला. "स्टिअरिंगचा सांधा सैल झालाय हिचा. नमुना आहे ना. पुढच्या भागात खोट राहिली आहे, आम्ही ती काढतोय." बोलता बोलता तो ताईसमोर असा येऊन उभा राहिला की तिचे हात लोकांना दिसू नयेत.

मास्तरांनी त्याच्याकडून गाडी मागून घेतली. पुढचं चाक दोन बोटांत धरून हलवून बघितलं. मग गाडी परत दिली आणि टोपी नीट केली.

ती फेरी संध्याकाळपर्यंत सगळीकडे पोचली. कंपनीचाच माणूस सांगतोय की स्टिअरिंग सैल आहे, मग आणखी पुरावा कशाला? लोकांनी लिहिलं की फोटोंना भुलू नका. जांभळा रंग देऊन खोट झाकली आहे. नोंदणी केलेल्यांनी ती मागे घ्यायला सुरुवात केली. धाकट्याने स्वतः गाडी चालवून नवा व्हिडिओ टाकला, तर म्हणाले दुसरी गाडी दाखवतायत. ज्याच्या जिभेवर धंदा चालला होता त्याची जीभ आता काही कामाची राहिली नाही. एकदा स्वतःच खोट कबूल केल्यावर ती नव्हतीच म्हणून कसं सांगणार?

"खरं सांगून टाकू," ताई म्हणाली. तिघं जेवायला बसले होते. "गाडी नीट आहे, माझा हात नीट नाही, असं लिही."

"नाही लिहिणार."

"गाडी बुडतेय अरे."

"बुडू दे. आणि लिहून होणार काय? ज्या हातांवर भरवसा ठेवून लोक किट घेत होते ते हातच असे आहेत म्हटल्यावर कोण घेईल? वर सगळे तुझ्याकडे तसे बघतील. मी…" तो अडखळला. "मी बघतो तसे."

ताईच्या नवऱ्याने दोघांच्या ताटात भाजी वाढली. ती कुणी खाल्ली नाही.

किट बाहेर पडलं, कारण माल तयार होता. थोडी खोकी गेली. बाकीची पुढच्या खोलीत छतापर्यंत रचून राहिली. ज्यांनी घेतली त्यांच्यापैकी कुणीच स्टिअरिंगची तक्रार केली नाही, पण तोवर लोक दुसऱ्या गाड्यांबद्दल बोलायला लागले होते. धाकट्याने दारांच्या कड्या आणि बिजागऱ्या बनवायचं काम धरलं. त्याच मशीनवर.

एका दुपारी मास्तर घरी आले. ताईने दार उघडलं. ते आत बसले, पाणी प्यायले आणि पेला खाली ठेवून म्हणाले, "त्या दिवशी मी सांधा हलवून बघितला होता. घट्ट होता."

"हो."

"माझ्या थोरल्या भावाला होता हा त्रास. मी तेव्हाच ओळखलं."

"कुणाला बोललात?"

"नाही. बोलावं का, तेच विचारायला आलो. मी लिहिलं तर काही जण तरी ऐकतील. रिमोट तुमच्या हातात द्यायला मीच लावला, ते मला सारखं खातंय."

ताईचा उजवा हात मांडीवर आपला आपण हलत होता आणि तिने तो लपवला नाही.

"मास्तर, तुम्ही नायलॉनच्या बाजूने लिहिलं होतं," ती म्हणाली. "खरं सांगा. तुम्हाला ते खरंच पटलं होतं, की माझं आहे म्हणून लिहिलं?"

मास्तरांनी टोपी हातात फिरवली. खोटं बोलायची त्यांना सवय नसावी.

"ती गाडी मी चालवली नाही ना," ते म्हणाले. "चालवल्याशिवाय कसं सांगू?"

"ती आता नाही," ताई म्हणाली. "भंगारात गेली." मग ती उठली. "तुम्ही काही लिहू नका. धाकटा त्या दिवशी लोकांसमोर जे बोलला ते तसंच राहू दे. त्याने तेवढ्यासाठी सगळं घालवलं. आता ते खोटं पाडलं तर त्याच्याकडे तेही राहणार नाही."

मास्तर गेले. ताईचा नवरा आतल्या खोलीत होता, त्याने सगळं ऐकलं होतं. तो बाहेर आला आणि तिच्याजवळ बसला. तिने त्याच्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि ती लागू पडली. आता रोज सकाळी गोळी घेतल्यावर काही वेळ ताईचा हात अगदी शांत असतो. पूर्वीसारखा. कप भरून घेता येतो, सुईत दोरा ओवता येतो. तेवढ्या वेळात ती केस विंचरते, अंथरुणाच्या घड्या घालते, डाळ निवडते. मग घरात करण्यासारखं काही उरत नाही. खालून बिजागऱ्या कापल्याचा आवाज येत राहतो. ती दोन्ही हात टेबलावर ठेवून खुर्चीत बसते आणि ते पुन्हा हलायला लागेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहते.